टॉमकॅट चालू आहे तरी साइटवर ५०३? जोडणी नेमकी कुठे तुटली ते असं शोधा

ब्राउझरमध्ये ‘सर्व्हिस अनअव्हेलेबल’ झळकलं की ऑफिसात पहिला आवाज येतो तो ‘टॉमकॅटला रिस्टार्ट मार’ असा. मारला की बऱ्याचदा साइट उठतेही. पण ती कशामुळे पडली हे सांगणारा निम्मा पुरावा त्या रिस्टार्टबरोबर गेलेला असतो, आणि आठवड्याभरात तेच दुखणं पुन्हा वर येतं.

हा लेख नव्याने सर्व्हर सांभाळायला लागलेल्यांसाठी आहे. पुढे अपाची वेब सर्व्हर आणि मागे ॲप चालवणारा टॉमकॅट, ही जावाच्या जगातली नेहमीची जोडी धरली आहे, मशीन लिनक्सचं. पुढे अपाचीऐवजी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तरी पद्धत तीच, जिथे फरक पडतो तिथे सांगेन. कमांड, फाइली आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाकायची.

आधी मांडणी डोळ्यांसमोर आणा. ब्राउझर अपाचीशी ४४३ पोर्टवर बोलतो. अपाची ती विनंती घेऊन टॉमकॅटकडे ८०८० पोर्टवर जातो, उत्तर आणतो आणि ब्राउझरला देतो. म्हणजे जोडण्या दोन आहेत आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत. साइटचं पान, मग ते एररचं का असेना, दिसतंय याचा अर्थ पहिली जोडणी ठणठणीत आहे. शोध दुसरीचा घ्यायचा.

पायरी १: एररचं पान कोणाचं आहे?

हे बघायला दहा सेकंद लागतात आणि निम्मं काम वाचतं. टॉमकॅटच्या एरर पानावर ‘एचटीटीपी स्टेटस’ असं लिहिलेली निळसर पट्टी असते आणि कोणी मुद्दाम लपवलं नसेल तर तळाशी टॉमकॅटची आवृत्तीही असते. अपाचीचं पान पांढरं, साधं, जुन्या वळणाचं. निळी पट्टी दिसली तर जोडणी शाबूत आहे, कारण ते पान टॉमकॅटकडूनच आलंय. मग ५०० असो वा ४०४, तुमचा शोध ॲप्लिकेशनमध्ये. टॉमकॅटचा ४०४ सगळ्याच पानांवर येत असेल तर बहुतेक वेळा ॲप डिप्लॉय होतानाच, म्हणजे टॉमकॅटमध्ये चढतानाच, पडलेलं असतं. टॉमकॅटच्या लॉग फोल्डरात ‘लोकलहोस्ट’ने सुरू होणारी त्या तारखेची फाइल उघडा, खरं कारण कॅटॅलिनाच्या, म्हणजे टॉमकॅटच्या मुख्य, लॉगपेक्षा तिथे जास्त वेळा सापडतं.

पांढऱ्या पानावर ५०२, ५०३ किंवा ५०४ असेल तर तक्रार अपाचीची आहे: मागच्याशी माझं बोलणं होत नाही. अपाचीच्या ५०३ पानावर मेंटेनन्समुळे सेवा बंद असल्यासारखं एक वाक्य असतं. ते वाचून ‘कोणी काम काढलंय का’ असं विचारत फिरू नका. ते छापील वाक्य आहे, मेंटेनन्स कोणाचाही चालू नसतो.

या तीन कोडांवर फार विसंबूनही चालत नाही. मागचा सर्व्हर बंद असेल तर अपाची ५०३ देतो, त्याच परिस्थितीत एनजिनएक्स ५०२ देतो. म्हणून कोडवरून तर्क लढवण्यापेक्षा थेट लॉगकडे जा.

पायरी २: लॉगमधला कंसातला आकडा

रेड हॅट घराण्यातल्या लिनक्सवर अपाचीचा एरर लॉग ‘/व्हार/लॉग/एचटीटीपीडी’ फोल्डरात असतो, डेबियन आणि उबुंटूवर ‘/व्हार/लॉग/अपाची२’ मध्ये. व्हर्च्युअल होस्टला, म्हणजे त्या एका साइटच्या कॉन्फिगला, वेगळा लॉग दिलेला असेल तर तो बघा. मूळ लॉग उघडून ‘काहीच येत नाही’ म्हणत बसलेले पुष्कळ भेटतात. एका खिडकीत टेलची कमांड एफ पर्यायासह लावा, दुसरीकडे पान रिफ्रेश करा. अशी ओळ पडेल:

(१११) कनेक्शन रिफ्यूज्ड: एएच००९५७: एचटीटीपी: अटेम्प्ट टू कनेक्ट टू १२७.०.०.१:८०८० फेल्ड

नवीन माणूस ‘फेल्ड’ वाचतो आणि थांबतो. कामाचा आहे तो सुरुवातीचा १११. हा आकडा अपाचीचा नाही, खालच्या लिनक्सने दिलेला आहे, आणि दुसऱ्या जोडणीचं नेमकं काय झालं ते तो सांगतो. असे चार-पाच आकडे ओळखीचे झाले की या विषयातलं बहुतेक काम होतं.

१११ म्हणजे नकार. विनंती त्या मशीनपर्यंत पोचली, तिथल्या लिनक्सने ती पाहिली आणि ‘या पत्त्यावर, या पोर्टवर कोणी ऐकत नाही’ असं लगेच कळवलं. याचा अर्थ रस्ता मोकळा आहे. नेटवर्कवाल्यांना फोन करण्याचं कारण नाही.

११० म्हणजे वाट पाहून कंटाळलो. पलीकडून होकार नाही, नकारही नाही. अपाचीच्या लॉगमध्ये याच जागी पुष्कळदा ७०००७ हा आकडा दिसतो, ‘दिलेला वेळ संपला’ अशा अर्थाच्या वाक्यासह. हे जोडणी करतानाच झालं असेल, म्हणजे ओळीत ‘अटेम्प्ट टू कनेक्ट’ असेल, तर मधली फायरवॉल विनंत्या गुपचूप गिळते आहे, नाहीतर पत्ताच चुकीचा आहे. जोडणी झाल्यावर उत्तराची वाट पाहताना झालं असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिच्यावर पुढे सविस्तर.

११३ म्हणजे तिथे जायला वाट नाही. मशीन खरोखर बंद असू शकतं. पण रेड हॅट घराण्यात हा आकडा दिसला की मी आधी पलीकडच्या मशीनवरचं फायरवॉलडी, म्हणजे तिथली फायरवॉल, बघतो. पोर्ट उघडलेलं नसेल तर ते विनंती परतवून लावतं आणि अपाचीच्या लॉगमध्ये त्याचा ११३ होतो.

१३ म्हणजे परवानगी नाही. हा सगळ्यांत जास्त चकवतो. यात विनंती स्वतःच्या मशीनबाहेर पडलेलीच नसते.

पायरी ३: वेब सर्व्हरच्या मशीनवरून स्वतः विचारा

आता अपाचीच्या जागी तुम्ही उभे राहा. कॉन्फिगमध्ये प्रॉक्सीपासच्या ओळीत, म्हणजे विनंती मागे कुठे न्यायची ते सांगणाऱ्या ओळीत, जो पत्ता आहे तो जसाच्या तसा उचला आणि कर्ल या पान मागवणाऱ्या कमांडला व्ही पर्याय देऊन त्याच मशीनवरून हाक मारा. आपल्या लॅपटॉपवरून नको, लॅपटॉपची वाट वेगळी आणि फायरवॉलचे नियमही वेगळे. पत्ताही डोक्याने बदलू नका: कॉन्फिगमध्ये ‘लोकलहोस्ट’ असेल तर लोकलहोस्टच टाका, १२७.०.०.१ टाकला तर तीच चाचणी होत नाही. का, ते पुढच्याच पायरीत.

कर्लला पान मिळालं आणि अपाचीला मिळत नाही, तर दोष अपाचीच्या कॉन्फिगमध्ये किंवा त्याच्या परवानग्यांमध्ये. कर्ललाही नकार आला, तर अपाचीला दोष देणं थांबवा आणि टॉमकॅटच्या मशीनवर जा. कर्ल ‘कनेक्टेड’ म्हणतो आणि मग नुसता बसून राहतो, तर टॉमकॅट जिवंत आहे पण त्याला कामातून सवड नाही.

पायरी ४: टॉमकॅट ऐकतोय का, आणि कुठे?

टॉमकॅटच्या मशीनवर एसएस ही कमांड एल, टी, एन, पी या चार अक्षरांच्या पर्यायांसह चालवा, सुडो लावून, म्हणजे प्रक्रियेचं नावही दिसेल. यादीत ८०८० शोधा आणि त्या ओळीत जावा आहे ना ते बघा.

ओळच नसेल तर टॉमकॅट ऐकत नाही. ‘पण सिस्टिमसीटीएल तर ॲक्टिव्ह म्हणतंय’ हा ठरलेला प्रश्न. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीला एवढंच माहीत असतं की जावाची प्रक्रिया सुरू आहे. शिवाय टॉमकॅट पोर्ट सहसा सुरुवातीलाच धरतो, पण आधी सगळी ॲप्स चढवतो आणि त्यानंतरच विनंत्या घ्यायला लागतो, म्हणून नुसती ओळ दिसणंही पुरेसं नाही. ॲप जड असेल तर यात काही मिनिटं जाऊ शकतात. कॅटॅलिनाच्या लॉगमध्ये ‘सर्व्हर स्टार्टअप इन’ आणि पुढे मिलिसेकंदांचा आकडा अशी ओळ आल्याशिवाय तो उठला असं समजू नका. त्या जागी ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ दिसलं तर पोर्ट दुसऱ्या कोणी धरलंय, बहुतेक वेळा नीट न मेलेला जुना टॉमकॅटच. आणि प्रक्रियाच गायब असेल तर डीमेसेजच्या लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. मेमरी संपली की कर्नल कोणाचा तरी बळी देतो, आणि मशीनवर सगळ्यांत जाड प्रक्रिया जावाचीच असते.

ओळ असेल तर पोर्टच्या आधी लिहिलेला पत्ता नीट वाचा, इथे लोक घाई करतात. तारा किंवा ०.०.०.० असेल तर टॉमकॅट सगळीकडून ऐकतोय. १२७.०.०.१ असेल तर फक्त त्याच मशीनवरून; अपाची दुसऱ्या मशीनवर असेल तर त्याला १११ मिळणारच. चौकोनी कंसात ::१ असेल तर फक्त आयपीव्ही६ च्या लूपबॅकवर, म्हणजे मशीनच्या स्वतःशी बोलायच्या पत्त्यावर, आणि अपाची १२७.०.०.१ ला हाक मारत असेल तर दोघं एकाच मशीनवर असूनही भेटणार नाहीत. ‘लोकलहोस्ट’ या नावाचा अर्थ कधी एक पत्ता, कधी दुसरा. म्हणून मला विचाराल तर कॉन्फिगमध्ये लोकलहोस्ट लिहूच नये, दोन्हीकडे आकड्यात पत्ता लिहावा.

डॉकर वापरणाऱ्यांसाठी याच पायरीत एक गोष्ट. कंटेनरच्या आतला १२७.०.०.१ म्हणजे तो कंटेनर स्वतः. अपाची एका कंटेनरमध्ये आणि टॉमकॅट दुसऱ्यात असेल तर प्रॉक्सीपासमध्ये १२७.०.०.१ कधीच चालणार नाही. दोघांना एका नेटवर्कवर घ्या आणि टॉमकॅटच्या सर्व्हिसचं नाव लिहा.

१३ आला तर

चित्र असं असतं: टॉमकॅट चालू, एसएस मध्ये ओळ बरोबर, कर्लला पान मिळतंय, आणि अपाचीच्या लॉगमध्ये मात्र १३. रेड हॅट, रॉकी किंवा अल्मा लिनक्स असेल तर हा एसईलिनक्स, म्हणजे कोणत्या प्रक्रियेला काय करू द्यायचं ते ठरवणारा लिनक्सचा पहारा, आहे. तुमचं टर्मिनल मोकळ्या संदर्भात चालतं, त्यामुळे कर्ल कुठेही जाऊ शकतो. अपाचीची प्रक्रिया मात्र ‘एचटीटीपीडी_टी’ या बंदिस्त संदर्भात चालते आणि तिला स्वतःहून बाहेर जोडणी करायची मुभा मुळात दिलेली नसते. एनजिनएक्सही याच संदर्भात चालतो, म्हणून त्यालाही हाच त्रास.

खात्री करायची तर ‘/व्हार/लॉग/ऑडिट’ मधल्या ऑडिट लॉगमध्ये ‘डिनाइड’ आणि ‘नेम_कनेक्ट’ हे दोन शब्द एकाच ओळीत शोधा. उपाय म्हणजे सेटएसईबूल कमांडने ‘एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट’ हा स्विच चालू करायचा, आणि पी पर्याय विसरायचा नाही. तो मोठ्या लिपीतला पी. त्याशिवाय केलेला बदल पुढच्या रीबूटपर्यंतच टिकतो, आणि रीबूट नेमका सहा महिन्यांनी पॅचिंगच्या रात्री होतो. तेव्हा ‘आपण तर काहीच बदललं नाही’ या मुद्द्यावर सगळे ठाम असतात.

इंटरनेटवर पहिलं उत्तर मिळेल ते एसईलिनक्स बंदच करून टाका असं. घटकाभर सेटएनफोर्स ० करून दुखणं एसईलिनक्सचंच आहे का ते पाहायला हरकत नाही, पण लगेच १ करा. एका स्विचने सुटणाऱ्या कामासाठी कोणी अख्खा पहारा उठवत नाही.

फायरवॉल

मशीन दोन असतील तरच हा प्रश्न. टॉमकॅटच्या मशीनवर फायरवॉलडीमध्ये ८०८० उघडा, पण फक्त वेब सर्व्हरच्या आयपीसाठी, रिच रूल, म्हणजे पत्त्यानुसार नियम, लिहून. क्लाउडवर असाल तर सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे क्लाउडची स्वतःची फायरवॉल, वेगळा बघावा लागतो. तिथे नियम नसेल तर विनंती शांतपणे गिळली जाते आणि तुम्हाला ११० किंवा ७०००७ दिसतो, १११ दिसत नाही. ८०८० सगळ्या जगाला उघडून ‘चाललं एकदाचं’ म्हणू नका. मग टीएलएस, लॉगिनचे नियम, आयपीची बंधनं असं जे जे अपाचीत केलं आहे ते सगळं वळसा घालून टाळता येतं.

टॉमकॅट उठला, तरी ५०३ जात नाही

हे नव्या माणसाला हमखास रडवतं. टॉमकॅट बंद होता, तुम्ही सुरू केला, कर्लला पान मिळालं, आणि ब्राउझरमध्ये अजून ५०३. मग माणूस घाबरून टॉमकॅट पुन्हा रिस्टार्ट करतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

घडतं ते असं. जोडणी एकदा फसली की अपाची त्या मागच्या सर्व्हरवर फुली मारतो आणि काही वेळ त्याच्याकडे फिरकतच नाही. मधल्या विनंत्यांना तो टॉमकॅटला न विचारता स्वतःच ५०३ देतो. लॉगमध्ये एएच००९५९ ची ओळ असते, त्यात ‘डिसेबलिंग वर्कर’ आणि शेवटी ‘फॉर ६० एस’ लिहिलेलं. ते ६० सेकंद म्हणजे प्रॉक्सीपासच्या ‘रिट्राय’ या पर्यायाची ठरलेली किंमत. मिनिटभर थांबा, आपोआप सुरू होईल. मागे एकच टॉमकॅट असेल तर रिट्राय ० ठेवायला हरकत नाही. दुसरा सर्व्हर नसताना एकावर फुली मारून हाती काही लागत नाही. दोन-तीन टॉमकॅट असतील तर मात्र ती सोय राहू द्या, तिच्यामुळे मेलेल्या सर्व्हरकडे विनंत्या जायच्या थांबतात.

एनजिनएक्समध्ये अपस्ट्रीमला, म्हणजे मागच्या सर्व्हरांच्या यादीत, एकच सर्व्हर असेल तर अशी फुली मारली जात नाही. त्याची खोड वेगळी: प्रॉक्सी_पासमध्ये सर्व्हरचं नाव लिहिलं असेल तर त्याचा आयपी तो सुरू होतानाच शोधतो आणि तोच धरून बसतो. पलीकडच्या मशीनचा आयपी बदलला की रीलोड केल्याशिवाय त्याला कळत नाही.

एजेपी वापरत असाल तर

जुन्या सेटअपमध्ये अपाची आणि टॉमकॅट ८०८० ऐवजी ८००९ वर एजेपी नावाच्या वेगळ्या भाषेत बोलतात. टॉमकॅट अपग्रेड केला आणि साइट पडली, अशी हकीगत असेल तर आधी इथे बघा. फेब्रुवारी २०२० मध्ये ‘घोस्टकॅट’ या नावाने गाजलेली एक गंभीर त्रुटी बाहेर आली, सीव्हीई-२०२०-१९३८. ८००९ पर्यंत पोचता येणाऱ्या कोणालाही ॲपच्या आतल्या फाइली वाचता येत होत्या. त्यावर ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ या आवृत्त्यांत टॉमकॅटवाल्यांनी एजेपीचे नियमच कडक केले.

तेव्हापासून सर्व्हर.एक्सएमएल मध्ये एजेपीचा कनेक्टर कॉमेंट केलेला येतो. कॉमेंट काढली तर नमुन्यात पत्ता ::१ असतो, म्हणजे पायरी ४ मधलं आयपीव्ही६ चं लफडं आयतंच. आणि गुप्त शब्द, म्हणजे ‘सीक्रेट’, दिला नाही तर कनेक्टर सुरूच होत नाही. कॅटॅलिनाच्या लॉगमध्ये ‘सीक्रेटरिक्वायर्ड’ असलेली ओळ पडते आणि बाकी टॉमकॅट काही झालंच नाही असा चालू राहतो. तोच शब्द अपाचीच्या प्रॉक्सीपासमध्येही लागतो, आणि तो पर्याय अपाचीत २.४.४२ पासून आला. दोन्हीकडचे शब्द जुळले नाहीत तर ४०३ मिळतो. हा ४०३ बघून ॲपमधल्या युजरच्या रोल तपासत बसू नका.

नवा सेटअप करत असाल तर एजेपीच्या वाटेला जाऊ नका. साध्या एचटीटीपीवर कर्लने तपासता येतं, एजेपीवर येत नाही. माझ्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे.

जोडणी होते, उत्तर येत नाही

पान लोड होत राहतं आणि बरोबर ६० सेकंदांनी एरर येते. ६० हा आकडा योगायोगाचा नाही: अपाचीची टाइमआउट आणि एनजिनएक्सची प्रॉक्सी_रीड_टाइमआउट, दोन्ही मुळात ६० सेकंदच असतात. एनजिनएक्सवर ५०४ येतो. अपाचीवर कोडकडे न बघता लॉगमध्ये ७०००७ आणि ‘एरर रीडिंग स्टेटस लाइन’ ही जोडी शोधा.

इथे पहिला मोह होतो टाइमआउट ३०० करण्याचा. एखादा अहवाल खरोखरच चार मिनिटं चालणारा असेल तर त्या एका पत्त्यापुरतं करा. पण सगळीच पानं अडकत असतील तर? खिडकीवरचा माणूस एकेका तिकिटाला दहा मिनिटं लावत असेल तर रांगेसाठी मोठा मांडव घालून तिकिटं लवकर निघत नाहीत.

टॉमकॅटकडे एका वेळी काम करणारे थ्रेड मुळात २०० असतात. ते सगळे अडकले तरी नवीन जोडण्या स्वीकारल्या जातात, फक्त त्यांना हात लावायला कोणी मोकळा नसतो. म्हणून कर्ल ‘कनेक्टेड’ म्हणून बसून राहतो. ते २०० जण कुठे अडकलेत हे सांगणारी एकच गोष्ट आहे, थ्रेड डंप (प्रत्येक थ्रेड त्या क्षणी कोडच्या कुठल्या ओळीवर आहे त्याची नोंद), आणि ती रिस्टार्टच्या आधीच घेता येते. जेस्टॅक कमांडला टॉमकॅटचा प्रोसेस क्रमांक द्या, ज्या युजरने टॉमकॅट चालतो त्याच युजरने. मशीनवर जेस्टॅक नसेल तर किल -३ वापरा. नाव भीतीदायक असलं तरी याने जावा मरत नाही, डंप कॅटॅलिना.आउट मध्ये लिहिला जातो, किंवा सिस्टिमडीखाली चालत असेल तर जर्नलमध्ये. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप घ्या. एकच घेतला तर ‘त्या क्षणी तिथे होता’ एवढंच कळतं. तिन्हींत तोच थ्रेड त्याच ओळीवर असेल तर तो अडकलाय.

डंपमध्ये ‘एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक’ने सुरू होणारी नावं शोधा आणि त्यांच्याखालच्या ओळी वाचा. बहुसंख्य ‘गेटकनेक्शन’वर थांबलेले असतील तर डेटाबेसच्या तयार जोडण्यांचा पूल रिकामा झालाय: एक तर कोणी जोडणी घेऊन परत करत नाही, नाहीतर एखादी क्वेरी लॉक धरून बसली आहे. ‘सॉकेट रीड’वर असतील तर बाहेरच्या कुठल्या तरी सेवेच्या उत्तराची वाट बघतायत, आणि बहुतेक त्या हाकेला टाइमआउट लावायला कोडमध्ये राहून गेलंय. दोन्ही प्रकारांत वेब सर्व्हरचा काडीचाही दोष नसतो. हा डंप डेव्हलपरच्या हातात ठेवला की ‘तुमचा सर्व्हर स्लो आहे’ ही चर्चा तिथल्या तिथे मिटते.

अधूनमधून, दिवसातून चार-दोनदा, कारण नसताना ५०२ येतो तो प्रकार निराळा. अपाची टॉमकॅटशी केलेली जोडणी पुन्हा वापरायला राखून ठेवतो. टॉमकॅटच्या सर्व्हर.एक्सएमएल मध्ये कनेक्शनटाइमआउट २०००० मिलिसेकंद लिहिलेला असतो, आणि वेगळं काही सांगितलं नसेल तर रिकामी जोडणीही तो त्याच मुदतीने, २० सेकंदांनी, बंद करतो. अपाचीने नेमक्या त्याच क्षणी तीच जोडणी उचलली तर विनंती बंद दारावर आदळते. प्रॉक्सीपासमध्ये ‘टीटीएल’ १५ सारखा ठेवा, म्हणजे टॉमकॅटने बंद करायच्या आधी अपाचीच ती टाकून देईल.

पान येतं, पण चुकीचं

लॉगिन केल्यावर ब्राउझरच्या पत्त्यात एकदम :८०८० दिसू लागला तर टॉमकॅटने दिलेला पत्ता बाहेरच्या पत्त्यात बदलणारी प्रॉक्सीपासरिव्हर्सची ओळ राहिली आहे. एचटीटीपीएसवरून एचटीटीपीवर आणि परत अशी फुगडी चालली असेल तर टॉमकॅटला पुढची जोडणी सुरक्षित आहे हे कळलेलंच नाही. अपाचीत ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ हा हेडर ‘एचटीटीपीएस’ असा पाठवा (अपाची तो आपणहून पाठवत नाही) आणि टॉमकॅटमध्ये रिमोटआयपीव्हॉल्व्ह लावून त्याच हेडरचं नाव तिथे लिहा. प्रॉक्सीपासच्या डाव्या बाजूला शेवटी तिरकी रेघ असेल तर उजव्या बाजूलाही हवी, नसेल तर दोन्हीकडे नको.

बरोबर पासवर्ड टाकूनही लॉगिनचं पान परत परत येतं? बाहेरचा पत्ता नुसता ‘/’ आणि आत ॲप ‘/पोर्टल’वर, अशी मांडणी असेल तर टॉमकॅट सेशनची कुकी ‘/पोर्टल’साठी देतो आणि ब्राउझर ती ‘/’ला परत पाठवत नाही. प्रॉक्सीपासरिव्हर्सकुकीपाथने हे जुळवता येतं. त्याहून सोपं म्हणजे बाहेर आणि आत पाथ सारखाच ठेवणं.

मराठी मजकूर असलेल्या साइटवर

इंग्रजी मार्गदर्शिकांत हे सहसा सापडत नाही. यूआरएलमध्ये देवनागरी जाताना प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-वेलांटीसकट, टक्केवारीच्या एन्कोडिंगमध्ये ९ अक्षरांचं होतं. ‘पुणे’ची ३६ होतात. ‘छत्रपती संभाजीनगर’ची, स्पेस अधिकच्या चिन्हाने गेली तर, १४५. जिल्हे-तालुके टिक करून अहवाल काढायची सोय असेल आणि फॉर्म गेट पद्धतीने, म्हणजे निवडलेलं सगळं यूआरएलमध्ये टाकून, जात असेल, तर पन्नासेक नावं निवडली की यूआरएल काही हजार अक्षरांचा होतो.

अपाची विनंतीची पहिली ओळ मुळात ८१९० बाइटपर्यंत घेतो, पुढे गेली तर ४१४ देतो. टॉमकॅटची मर्यादा ८१९२ आहे, पण ती पहिली ओळ, कुकी आणि सगळे हेडर मिळून. त्यामुळे मधल्या एका पट्ट्यात अपाची विनंती आनंदाने घेतो आणि टॉमकॅट ४०० देऊन परत पाठवतो. ‘थोडे तालुके निवडले तर चालतं, सगळे निवडले तर नाही’ अशी तक्रार आली की ही शक्यता आधी तपासा. टॉमकॅटच्या लॉगमध्ये ‘रिक्वेस्ट हेडर इज टू लार्ज’ ही ओळ असते, पण ती एकदा पडली की मुळात पुढचे २४ तास पुन्हा पडत नाही. त्या मुदतीतल्या बाकीच्या वेळा डीबग पातळीवर जातात आणि नेहमीच्या लॉगमध्ये दिसत नाहीत. आजची ओळ सापडली नाही तर कालचा लॉगही शोधा.

मॅक्सएचटीटीपीहेडरसाइझ वाढवून तात्पुरतं भागतं, मात्र अपाचीची लिमिटरिक्वेस्टलाइन मर्यादाही सोबत वाढवावी लागते, आणि मधे एजेपी असेल तर पॅकेटसाइझ दोन्ही टोकांना सारखा ठेवावा लागतो. खरा इलाज फॉर्म पोस्ट करण्याचा. तो केलात आणि टॉमकॅट ९ किंवा त्याआधीचा असेल, तर वेब.एक्सएमएल मध्ये सेटकॅरेक्टरएन्कोडिंगफिल्टर यूटीएफ-८ ला लावा, आणि तो बाकीच्या फिल्टरांच्या आधी. यूआरएलमधला मजकूर टॉमकॅट ८ पासून यूटीएफ-८ समजूनच वाचला जातो. पोस्टमधला नाही, आणि फिल्टर नसेल तर ‘सातारा’ डेटाबेसमध्ये à आणि ¤ च्या खिचडीत जाऊन बसतो.